पाऊस आणि मासेच बघायला फेरो बेटांवर कशाला जायचं?

तुम्ही विचारलंय की फेरो बेटांवर, म्हणजे उत्तर अटलांटिकमधल्या डेन्मार्कच्या अखत्यारीतल्या बेटांवर, बाराही महिने पाऊस, गावं सगळी मासेमारांची, मग मुंबईच्या माणसाने एवढा खर्च करून जावं का. जावं. आमच्या घरी थोरल्या दिरांनी हेच सगळ्यांसमोर विचारलं होतं, "पाऊस नि मासळीच बघायची तर वर्सोव्याला बस जाते की." मी वर्सोवा कोळीवाड्यातली, बाबा तांडेल, म्हणजे मासेमारी बोटीचे प्रमुख होते, ते वाक्य मला अजून लागतं.

फेरोमधल्या क्लाक्सविक शहरातून फेरीबोटीने वीसेक मिनिटांवर काल्सोय बेट, तिथे मिकलादालूर गाव. खाली खडकावर कोपाकोनान, म्हणजे सील या समुद्री प्राण्याची बाई झालेली, तिचा पुतळा, २०१४ साली बसवलेला, हातात स्वतःची कातडी. गोष्ट अशी की वर्षातून एका रात्री, ६ जानेवारीच्या सुमारास, सील किनाऱ्यावर येऊन कातडी उतरवतात आणि माणसं होऊन नाचतात. गावातल्या एका पोराने एकीची कातडी पेटीत कुलूपबंद केली, तिच्याशी लग्न केलं, पोरं झाली. चावी कायम कमरेला. एकदा मासे धरायला गेला आणि चावी घरी राहिली हे भर समुद्रात कळलं, वल्हवत परत आला तर ती गेलेली, पण जाताना चूल विझवून आणि सुऱ्या उचलून ठेवून गेली, पोरांना इजा नको म्हणून. पुढे गावकऱ्यांनी तिचा सील नवरा नि पिल्लं मारली तेव्हा तिने शाप दिला, इथले पुरुष बुडतील, कड्यांवरून पडतील, इतके की मेलेल्यांनी हात धरले तर बेटाला वेढा पडेल.

आम्ही उतरलो होतो त्या घरच्या आजींनी हे सांगितलं आणि मग त्यांच्या घरातले कोण कोण समुद्रात राहिले ती नावं घेतली. माझी आजी वादळात न परतलेल्यांची नावं अशीच ओळीने घ्यायची. घरचं माणूस दर्यावर जातं त्याला ही परीकथा वाटत नाही.

त्यांच्या घरामागे फळ्यांत फटी ठेवलेली लाकडी खोली, आत मासे जोडीने टांगलेले, मीठ नाही, नुसत्या खाऱ्या वाऱ्यावर आंबून सुकतात. वास कडक. आमचे बोंबीलही बिनमिठाचेच दोरीवर सुकतात, पण लग्नानंतर सुके बोंबील भाजले तर सोसायटीने नोटीस लावली आणि दीर सोसायटीच्या बाजूने बोलले. तिथे तोच वास हॉटेलात मानाने वाढतात नि लोक भरपूर पैसे मोजून खातात. माझं स्पष्ट मत, ज्याला सुक्या मासळीच्या बाजारातून नाक दाबून जावं लागतं त्याने फेरोला जाऊ नये, त्याच्यासाठी स्वित्झर्लंड आहे.

पावसाचं म्हणाल तर राजधानी टोर्शवनला वर्षाला साधारण १,३०० मिमी, मुंबईत त्याहून खूप जास्त. फरक एवढाच की आपल्याकडे जूनमध्ये होड्या शाकारून किनाऱ्याला ठेवतात, तिथे पाऊस वर्षभर भुरभुरतो आणि बोटी जातच राहतात. छत्री नेऊ नका, वारा टिकू देत नाही. जून ते ऑगस्ट बरं.

हां, फेरो शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात नाही, डेन्मार्कचा व्हिसा काढताना त्यावर फेरोसाठी वैध असं लिहून घ्या. उन्हाळ्यात तिथे पायलट व्हेलची शिकार होते, किनाऱ्याचं पाणी लाल होतं, बघवत नसेल तर तिकडे फिरकू नका. आणि धुक्याने विमानं रद्द होतात, कोपनहेगनहून मुंबईचं तिकीट त्याच दिवसाचं काढू नका.