देशावरची टीका आणि देशाची बदनामी यांतली रेघ कुठे आहे? उपयोग होईल अशी टीका कशी करावी?

तुम्ही विचारलंय की टीका करणं हेही देशप्रेमच असेल, तर टीका कुठे संपते आणि बदनामी कुठे सुरू होते. आणि केलेल्या टीकेचा उपयोग कसा व्हावा.

आधी कायद्याचं सांगतो, कारण बहुतेकांची जीभ तिथेच अडखळते. केदारनाथ सिंह विरुद्ध बिहार राज्य या १९६२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सरकारवर कितीही कडक शब्दांत टीका केली, तरी हिंसेला किंवा सार्वजनिक अव्यवस्थेला चिथावणी नसेल तर तो राजद्रोह होत नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि जुन्या दंड संहितेतलं राजद्रोहाचं १२४-अ कलम गेलं. आता कलम १५२ आहे. ते देशाच्या सार्वभौमत्वाला, एकतेला, अखंडतेला धोका आणणाऱ्या कृत्यांबद्दल आहे आणि शिक्षा जन्मठेपेपर्यंत आहे, तेव्हा शब्द जपून वापरायचे ते इथे. राष्ट्रीय सन्मानाच्या अवमानाबद्दलचा १९७१ चा कायदा फारसं कुणी वाचत नाही. राज्यघटनेत किंवा राष्ट्रध्वजात कायदेशीर मार्गाने बदल व्हावा म्हणून केलेली टीका हा गुन्हा नाही, हे त्याच कायद्याच्या स्पष्टीकरणात लिहिलेलं आहे. गुन्हा आहे तो ध्वज जाळण्याचा, फाडण्याचा, तुडवण्याचा.

मार्च २०२४ चा एक निकाल आपल्याकडचाच आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका प्राध्यापकाने ३७० कलम रद्द झाल्याचा दिवस 'काळा दिवस' म्हणून व्हॉट्सॲप स्टेटसला टाकला आणि त्याच्यावर गुन्हा दाखल झाला. सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. सरकारच्या निर्णयावर टीका करायचा हक्क प्रत्येक नागरिकाला आहे, आणि शब्दांचा परिणाम जोखायचा तो समंजस माणसाच्या मापाने, असं न्यायालय म्हणालं. पण गुन्हा दाखल होणं आणि तो रद्द होणं यांत दिल्लीपर्यंतचे हेलपाटे आहेत, हेही ध्यानात असू द्या. म्हणून बोट ठेवायचं ते निर्णयावर, खर्चावर, अधिकाऱ्याच्या कृतीवर. टीका एखाद्या धर्मावर, जातीवर किंवा भाषिक गटावर घसरली की न्याय संहितेचं कलम १९६, म्हणजे गटागटांत वैर पसरवण्याबद्दलचं, लागू शकतं, आणि तिथे देशप्रेमाचा बचाव चालत नाही.

आता खरी मेख. टीकाकार बहुतेक वेळा तोंडघशी पडतो तो कच्च्या पुराव्यामुळे. याचं उदाहरण टिळक-आगरकरांएवढं मोठं आहे. कोल्हापूरच्या महाराजांचा छळ होतोय म्हणून 'केसरी' आणि 'मराठा'ने दिवाण बर्वे यांच्यावर झोड उठवली. हेतू चांगला होता, पण ज्या पत्रांचा आधार घेतला ती न्यायालयात बनावट ठरली. १८८२ मध्ये दोघांना अब्रुनुकसानीबद्दल चार महिन्यांची शिक्षा झाली आणि १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढावे लागले. आज फॉरवर्ड झालेल्या 'सरकारी पत्रा'वर विसंबून लिहिणाऱ्याने हे प्रकरण जरूर वाचावं.

दादाभाई नौरोजींची रीत याच्या उलट. त्यांनी ब्रिटिश सरकारचेच अहवाल घेतले, त्यातून माणशी वार्षिक उत्पन्न साधारण २० रुपये काढलं आणि शेजारी तुरुंगातल्या कैद्याच्या अन्नवस्त्राचा खर्च मांडला. आकडे सरकारचेच असल्यावर ते खोडायचे कुणी?

तीच रीत आज माहितीच्या अधिकाराने जमते. गावातल्या खराब रस्त्याचं उदाहरण घ्या. 'आपला देशच असला' हे वाक्य कुणालाच बांधत नाही. ठेकेदार ते वाचून हसेल. त्याऐवजी महाराष्ट्रात विहित नमुन्यात अर्ज करा. १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप, विषय एकच, मजकूर १५० शब्दांच्या आत. 'रस्ता खराब का झाला' असं विचारू नका. अधिकाऱ्याने द्यायची असते ती कागदावर असलेली माहिती, मत किंवा खुलासा नव्हे. 'का'वाले अर्ज इथेच परत येतात. मागायचं ते असं: कामाचं अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तकाची प्रत, अंतिम देयक आणि निविदेतला दोष दायित्व कालावधी, म्हणजे कामात दोष निघाल्यास ठेकेदार जबाबदार राहतो ती मुदत. मोजमाप पुस्तकात थरांची लांबी, रुंदी, जाडी लिहिलेली असते. उखडलेल्या कडेला टेप लावून फोटो काढा आणि शेजारी ठेवून पाहा. साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचा हक्कही याच कायद्यात आहे, पण तो वापरणारे विरळाच.

मग लिहायचं वाक्य असं होतं: 'या रस्त्याचा दोष दायित्व कालावधी अजून संपलेला नाही, म्हणजे दुरुस्ती ठेकेदाराने स्वखर्चाने करायची आहे. ती करून घेण्यासाठी खात्याने कोणत्या तारखेला नोटीस दिली?' हे ग्रामसभेत विचारा आणि इतिवृत्तात नोंदवून घ्या. नोंद झाली नाही तर विचारलं काय, न विचारलं काय, सारखंच.

३० दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा अर्धवट आलं, तर पुढच्या ३० दिवसांत २० रुपयांचा स्टँप लावून त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे पहिलं अपील. त्यानंतर ९० दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं. आयोगाकडे तारीख लागायला बराच काळ जातो, म्हणून पहिल्या अर्जाची पोच आणि टपालाची पावती फायलीत जपून ठेवा. परदेशातून करणार असाल तर हा हक्क फक्त भारतीय नागरिकाला आहे. ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या माणसाचं कार्ड) असलेल्याने गावातल्या भावाला किंवा मित्राला त्याच्या नावाने अर्ज करायला सांगावं.