नऊ वर्षांची मुलगी अचानक गप्प गप्प राहते, रविवारी रात्री पोट दुखतं म्हणते. हे वयच असं असतं का?

गप्प होण्यात वयाचा थोडा वाटा असेलही, पण रविवारच्या पोटदुखीचं खापर मी वयावर फोडणार नाही.

पूर्वी शाळेतलं सगळं घडाघडा सांगणारी मुलगी आता "काही नाही" म्हणून उठून जाते, तपासण्यांत काही निघालं नाही आणि सुट्टी लागली की दुखणं गायब, असं तुम्ही लिहिलंय. मी शाळेत समुपदेशक आहे, या वयाच्या मुलांशीच रोजचा संबंध. आधी एक सांगते, त्या पोटदुखीला नाटक म्हणू नका. मेंदू आणि आतडी मज्जातंतूंनी जोडलेली असतात, धास्तीने पोट खरोखर दुखतं. मात्र दुखून झोपेतून जाग येणं, वजन घटणं, वारंवार उलट्या, ताप किंवा शौचातून रक्त, यातलं काही दिसलं तर पुन्हा डॉक्टरांकडे जा.

लहानपणी मुलांना आपण सगळ्यांत भारी आहोत असंच वाटत असतं. साधारण सात-आठच्या पुढे ती स्वतःला इतरांशी ताडून बघू लागतात. कोण पटकन गणित सोडवतं, खेळायला आधी कोणाला घेतात, कोणाला शेवटी. मानसशास्त्रज्ञ एरिक एरिकसन यांच्या मांडणीत ६ ते १२ या वयातली ओढाताण नेमकी हीच: 'मला जमतं' की 'मी कमी पडते'. त्यात मनातलं चेहऱ्यावर दिसू न देण्याची कलाही याच सुमारास चांगली साधते. चौथीतला एक मुलगा मला वही दाखवायलाच तयार नव्हता. दाखवली तेव्हा एकच ओळ इतक्यांदा खोडलेली, की कागदाला भोक पडलं होतं. घरच्यांची तक्रार काय, तर अभ्यासात लक्ष नाही.

अशा मुलांना समोर बसवून "सांग ना, काय झालं?" विचारलं की त्याची उलटतपासणी होते. हात कशात तरी गुंतलेले आणि नजर दुसरीकडे असली, की ती बोलतात. माझ्या खोलीत पत्त्यांचा जोड त्यासाठीच ठेवलाय. पिसता पिसता, मान वर न करता, "ती आता माझ्याशी बोलत नाही" असं काहीतरी निसटतं. तेव्हा लगेच उपाय सुचवू नका. "मग तू बाईंना का नाही सांगितलंस?" हे तर नकोच. "अच्छा, मग?" एवढं पुरतं. पुढचं कधी कधी दोन दिवसांनी येतं.

झोप नऊ ते बारा तास हवी आणि रोज तासभर घाम येईल असं खेळणं. हे तुम्हाला ठाऊक असेलच, पण कुरबुरी सुरू झाल्या की आधी यांवरच गदा येते.

वर्गशिक्षिकेला भेटा, पण मुलीला सांगून. तिला नंतर कळलं तर उरलासुरला विश्वासही जाईल. गुणांचं विचारू नका. मधल्या सुट्टीत ती कोणाबरोबर बसते, कोणी चिडवतं का, सोमवारी कुठला तास असतो, हे विचारा. दोन-तीन आठवड्यांत फरक नसेल, शाळेत जाणंच नको म्हणत असेल, जेवणखाण-झोप बिघडली असेल, तर बालमानसतज्ज्ञांना दाखवा. आणि "मी नसलेलीच बरी" असं काही बोलली, तर त्याच दिवशी.