हातहत्यारं बरीच जमली, तरी सागवानाची फळी गुळगुळीत होत नाही. आता महागडा रंधा घ्यावा का?

तुम्ही लिहिलंय की दोन वर्षांत तीन रंधे, आठ पटाश्यांचा संच आणि करवती जमल्या, पण सागवानावर रंधा मारला की लाकडाच्या रेषा उपटून येतात. माझं उत्तर: सध्या रंधा घेऊ नका. जो ४ नंबरचा, म्हणजे नेहमीच्या मापाचा लोखंडी रंधा आहे, त्याच्यावरच महिनाभर मेहनत घ्या.

आधी धार. सागवानात सिलिका असते, त्यामुळे पातं आंब्याच्या किंवा पाइनच्या लाकडापेक्षा फार लवकर मरतं. पातं उजेडात धरून कड बघा. पांढरी रेघ चमकली तर तिथे धार बोथट आहे. खऱ्या धारेवर उजेड थांबतच नाही. जाड सपाट काचेवर ४००, १००० आणि २००० नंबरचा वॉटर पेपर ओला करून चिकटवला तरी काम भागतं. पात्याची पाठ, म्हणजे सपाट बाजू, सगळी घासत बसू नका, पुढचा २०-२५ मिमी भाग आरशासारखा झाला की पुरे. दोन्ही बाजूंनी आवळणारं साधं चाकवालं होनिंग गाइड (धार लावताना पातं एकाच कोनात धरणारं साधन) असेल तर रंध्याचं पातं ३८ मिमी बाहेर ठेवा, ३० अंश मिळतात. पटाशी ३० मिमी. घासताना कडेवरून पाठीकडे वळलेल्या बारीक धातूची खरखर पाठीला पूर्ण रुंदीभर बोटाला लागेपर्यंत थांबायचं नाही. बहुतेकांचं इथेच बिघडतं: मधे खरखर आली की ते पुढच्या कागदावर जातात आणि कोपरे बोथटच राहतात. ही खरखर शेवटी चामड्यावर पातं मागे ओढून काढा.

हात सरावला की गाइडची गरज उरत नाही. उतार, म्हणजे पात्याची तिरकी बाजू, दगडावर किंवा कागदावर नीट टेकला की धारेपुढे पाण्याची बारीक ओळ सरकते, ती दिसली म्हणजे कोन बरोबर आहे.

रेषा उपटण्यावर खरा इलाज चिपब्रेकरचा, म्हणजे पात्यावर स्क्रूने बसलेल्या पट्टीचा. नवा माणूस ती धारेपासून दीड-दोन मिमी मागे ठेवतो आणि मग तिचा काहीच उपयोग होत नाही. उलटसुलट रेषांच्या फळीला ती ०.२ मिमीवर आणा, म्हणजे डोळ्याला धारेची जेमतेम एक चमकती ओळ दिसावी. ढलपी वर येताच तिथेच मोडते, लाकूड पुढे फाटत नाही. पट्टी आणि पातं जुळवून उजेडासमोर धरा. फट दिसली तर पट्टीची कड दगडावर घासून सरळ करा, नाहीतर ढलप्या फटीत शिरून रंधा तुंबतो.

दहा-बारा वेळा रंधा मारल्यावर ढलपी निघणं बंद होतं, तेव्हा दोष पात्याचा नसतो. खोली ठरवणाऱ्या पितळी चाकाला ढिलेपणा असतो. पातं मागे घेतलं की चाक पुन्हा पुढे फिरवून तो ढिलेपणा संपवायचा. शेवटची फिरकी कायम पुढच्या दिशेची.

एवढं जमलं की फळी हातात आल्यावर नजर आधी तिच्या कडेकडे जाते: रेषा कुठल्या बाजूला चढतात ते बघून रंधा त्याच दिशेने मारायचा. आवाजही ओळखीचा होतो. ताज्या धारेचा लांब सळसळता, बोथट धारेचा खरडल्यासारखा. तो बदलला की दगडाकडे वळा, जोर वाढवू नका.

पटाश्यांत ६, १२ आणि २५ मिमी एवढ्या तीनच धारदार ठेवा. २० मिमी फळीत खोबण साधारण एक तृतीयांश जाडीची, तिला ६ मिमीची पटाशी बरोबर लागते. करवतीच्या दातांची टोकं काळी-निळसर असतील तर ती कडक केलेली आहेत, कानस त्यावर घसरते. बोथट झाली की बदलायची. म्हणून विकत घ्यायचंच असेल तर कानसीने धार लावता येईल अशी एक करवत आणि बारीक तिकोनी कानस घ्या.

कोकणात किंवा मुंबईत असाल तर जून ते सप्टेंबर काम संपताच पातं पुसून शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवा, आणि रंध्याच्या तळाला मेणबत्ती घासा. रंधा हलका चालतो.