डिजिटल स्वाक्षरी केलेल्या ईमेलसोबत न उघडणारी फाइल का येते?

ती फाइल म्हणजे व्हायरस नव्हे, तर ईमेल पाठवणाऱ्याचाच आहे व वाटेत बदललेला नाही हे पटवणारी त्याची स्वाक्षरीच आहे. एस/माइम या स्वाक्षरीच्या एका पद्धतीत तिचे नाव बहुधा ‘एसमाइम.पी७एस’ असते आणि पीजीपी या दुसऱ्या पद्धतीत ‘सिग्नेचर.एएससी’. ज्या ईमेल प्रोग्रामला ही पद्धत कळते, तो फक्त स्वाक्षरी पटल्याची खूण दाखवतो. ज्याला कळत नाही, तो तिला साधी जोडलेली फाइल समजतो आणि दोन ओळींच्या निरोपालाही अटॅचमेंटची पिन चिकटते. एस/माइमच्या फाइलीत सहसा पाठवणाऱ्याची ओळख सांगणारे प्रमाणपत्रही असल्याने ती अशा छोट्या मजकुराच्या कित्येक पट मोठी भरते.

पीजीपीची मजकुरातच स्वाक्षरी घालणारी जुनी पद्धत मला याहून तापदायक वाटते. तीत उणे चिन्हाने सुरू होणाऱ्या प्रत्येक ओळीआधी आणखी एक उणे चिन्ह व मोकळी जागा घातली जाते. प्रोग्राममधील बदल दाखवणाऱ्या पॅचमध्ये वगळलेल्या ओळी नेमक्या उणे चिन्हानेच सुरू होत असल्यामुळे, तो मजकूर जसाच्या तसा उचलला तर पॅच बसत नाही. १९९६ मध्ये प्रमाणित झालेल्या पीजीपी/माइममध्ये स्वाक्षरी वेगळ्या भागात जाते व ही अडचण उरत नाही. मात्र वाटेतल्या सर्व्हरने स्वाक्षरी केलेल्या भागात एखादी ओळ जोडली, तर स्वाक्षरी अवैध ठरते.

करार, देयके किंवा सुरक्षेविषयीच्या सूचना यांवर स्वाक्षरी अवश्य असावी. ‘चालेल, धन्यवाद’ एवढ्याच उत्तरावर ती कशाला हवी? बहुतेक प्रोग्राममध्ये ती त्या ईमेलपुरती बंद करता येते.