स्कीइंगचं वळण बुटाला सेन्सर लावून खरंच मोजता येतं का? नवशिक्याने घ्यावा का?

मोजता येतं. पण मोबाइलवर एक गुण उमटतो आणि तो वाढला की आपण सुधारलो, एवढ्यासाठीच घेणार असाल तर ते पैसे चांगल्या हातमोज्यांवर घाला. तुम्ही लिहिलंय की जानेवारीत उत्तराखंडात औलीला स्कीइंगचा पहिलाच कोर्स करताय, आणि ओळखीचा एक कोच म्हणतो की तंत्र डोळ्यालाच कळतं, सेन्सर म्हणजे खेळणं. हेच वाक्य मी नागपुरात एका स्केटिंग रिंकच्या कठड्याला टेकून ऐकलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी इन्स्ट्रुमेंटेशनवाला. हिंगणा एमआयडीसीत प्रेशर, तापमान, कंपन मोजण्यात उमेदीची वर्षं गेली. माझी लेक प्राथमिक शाळेपासून रोलर स्केटिंग करायची, आणि चांगली करायची. बारावीनंतरच्या हिवाळ्यात तिला औलीला नेलं. इतरांपेक्षा कितीतरी लवकर ती उतारावर उभी राहिली, ते स्केटिंगमुळेच. डावीकडचं वळण तर झोकात घ्यायची. पण उजवीकडे वळायची वेळ आली की स्कीची मागची टोकं फाकायची, अंग मागे जायचं, कधी थेट बर्फात बसायची. तिथला स्की शिकवणारा उस्ताद भला माणूस होता. म्हणाला, "डर है, निकल जाएगा." अहो, भीती एकाच बाजूची कशी असेल? उतार तोच, वेग तोच, पोरगी तीच.

माझ्या सामानात दोन डब्या होत्या. प्रत्येकीत नागपूरच्या सीताबर्डी बाजारातून आणलेली एमपीयू-६०५० ही हालचाल मोजणारी चिप, छोटा मायक्रोकंट्रोलर, मेमरी कार्ड आणि बॅटरी. या चिपमध्ये तीन दिशांचा अ‍ॅक्सेलरोमीटर (गुरुत्व आणि धक्के मोजणारा) आणि तीन दिशांचा जायरो (फिरण्याचा वेग मोजणारा) असतो, आणि आपल्या कामाला सेकंदाला १०० नोंदी पुरतात. एकेक डबी बुटाच्या टाचेमागे, खालच्या कडक कवचावर, पट्ट्याने आवळली. स्की चढवण्याआधी तिला दोन्ही टाचा एकमेकींवर जोरात आपटायला सांगायचो. तो धक्का दोन्ही नोंदींत उभ्या टोकदार रेघेसारखा उमटतो, त्यावरून डावा आणि उजवा आलेख वेळेत जुळवता येतो.

संध्याकाळी खोलीत रजई पांघरून लॅपटॉप उघडला. बूट स्कीवरच्या पकडीत, म्हणजे बाइंडिंगमध्ये, घट्ट बसलेला असतो, म्हणून बूट बाजूला जितका कलला तितकीच स्की कलली असं धरता येतं. एक वळण संपून दुसरं सुरू होताना स्की क्षणभर सपाट होते आणि दुसऱ्या एजवर, म्हणजे कडेवर, जाते. आलेखात रेघ शून्य ओलांडते. पॅरलल वळणात, म्हणजे दोन्ही स्की समांतर ठेवून घेतलेल्या वळणात, दोन्ही पायांच्या रेघांनी बरोबरच शून्य ओलांडायला हवं. डावीकडे वळताना त्या जवळजवळ एकत्र जात होत्या. उजवीकडे वळताना डाव्या पायाची रेघ आधी पलीकडे जायची, उजव्याची जुन्याच बाजूला आडवी रेंगाळायची आणि अर्ध्या सेकंदाने एकदम खाली यायची. एखाद्या वेळी नाही, दिवसभराच्या प्रत्येक उजव्या वळणाला. म्हणजे उजव्या पायावरचा भार ती सोडतच नव्हती, कारण डाव्या पायावर पूर्ण विसंबायची तिला सवयच नव्हती.

ती सवय का नव्हती? रिंकवरची रेस घड्याळाच्या उलट दिशेने होते. सगळी वळणं डावीकडे. वर्षानुवर्षं उजवा पाय बाहेरच्या बाजूला राहून आतल्या कडेवर भार घेतो. स्कीइंगमध्येही वळणाचा मुख्य भार बाहेरच्या पायावर येतो: डावीकडे वळताना उजव्यावर, उजवीकडे वळताना डाव्यावर. लेकीच्या उजव्या पायाला हे काम पाठ होतं. डाव्याने ते कधी केलंच नव्हतं.

आणि हे मी तिच्या स्केटिंगच्या कोचला ती शाळेत असतानाच सांगितलं होतं. म्हटलं, सरावातला थोडा वेळ मुलांना उलट्या दिशेने पळवा, शरीर एकाच बाजूने घडतंय. उत्तर आलं, "साहेब, रेस एकाच बाजूनं असते न. उलटं पळवून काऊन टाइम वाया घालवायचा?" बाकीचे पालक हसले. औलीहून परतल्यावर मी तो आलेख छापून नेला. त्यांनी कागद उलटासुलटा केला आणि म्हणाले, "हे तर डोळ्यानं बी दिसते." दिसत होतं तर इतक्या वर्षांत कुणी सांगितलं का नाही? डोळ्याला दिसतं की उजवीकडे काहीतरी गडबड आहे. कोणता पाय, वळणाच्या कोणत्या क्षणी, किती उशिरा, हे धावत्या खेळाडूकडे बघून कळत नाही. उस्तादांनाही कळलं नव्हतं, आणि त्यांची हयात बर्फावर गेली होती.

गुलमर्गचा स्कीपटू आरिफ खान २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये जायंट स्लॅलम या वळणावळणाच्या शर्यतीत ४५ वा आला. त्या प्रकारात गेट, म्हणजे ज्यांना वळसा घालायचा ते खांब, एकाआड एक डावी-उजवीकडे येतात. तिथे एक बाजू कच्ची असलेल्याची डाळ शिजत नाही.

आता तुमच्या कामाचं. मोबाइल खिशात ठेवून नुसत्या अ‍ॅक्सेलरोमीटरवरून झुकाव सांगणाऱ्या अ‍ॅपच्या नादी लागू नका. वळणात तोल साधलेला असतो तेव्हा गुरुत्व आणि वळणाचा जोर यांची बेरीज नेमकी शरीराच्याच रेषेत येते, त्यामुळे चिपला वाटतं की माणूस सरळ उभा आहे. ताशी ५४ किलोमीटर वेगाने १५ मीटर त्रिज्येचं वळण घ्या: बाजूचा जोर गुरुत्वाच्या सुमारे दीडपट, शरीर ५५ अंशांहून जास्त कललेलं, आणि एकटा अ‍ॅक्सेलरोमीटर म्हणतो शून्य. रिंकवर लेकीच्या स्केटला डबी लावून मी हे आधीच तपासलं होतं. कोन जायरोनेच मिळतो. जायरोची चूक हळूहळू साचत जाते, पण लिफ्टच्या रांगेत किंवा उताराच्या टोकाला स्थिर उभं राहिलात की ती दुरुस्त करता येते.

दुसरं, स्की कार्व्ह होतेय (कडेवर बर्फ कापत वळतेय) की आडवी घसरतेय हे बुटावरच्या कोनावरून छातीठोकपणे सांगता येत नाही. स्कीवर छापलेली तिच्या कडेच्या वक्राची त्रिज्या गुणिले एजच्या कोनाचा कोसाइन, असा ढोबळ हिशेब आहे; १४ मीटरची स्की ६० अंशांवर ७ मीटरचं वळण काढेल. पण ती घसरत नसेल तरच. घसरण मोजायला स्कीचं तोंड कुठे आणि प्रवास कुठे, दोन्ही लागतं. मोबाइलचं जीपीएस साधारण सेकंदाला एक नोंद देतं, तेवढ्यात ताशी ५४ ने जाणारा मघाचा माणूस १५ मीटर पुढे गेलेला असतो.

तर घ्यावा का? स्नोप्लाऊ, म्हणजे स्कीची पुढची टोकं जवळ आणून हळू उतरणं, शिकेपर्यंत नको. त्यानंतर ‘कार्व्ह’ (Carv) कंपनीच्या यंत्रासारखं बुटाला अडकवायचं, कानात सूचना देणारं तयार यंत्र घ्या किंवा माझ्यासारखं घरी बनवा, पण दोन्ही पायांना लावा. एका पायावरून डाव्या-उजव्याची तुलना होत नाही आणि माझ्या मते तीच खरी कमाई आहे. थंडीत बॅटरी लवकर उतरते, उतारावर निघेपर्यंत डबी आतल्या खिशात ठेवा. चिकटपट्टी ओल्या बर्फात सुटते. सेन्सर बुटाच्या वरच्या भागावर लावू नका, गुडघा पुढे वाकवला की तो भागही वाकतो. सोबत कुणाला तरी व्हिडिओ काढायला सांगा, नाहीतर पडल्याचा झटका आणि वळण यांत गल्लत होईल. आणि हो, गुडघा किंवा घोट्याची जुनी दुखापत असेल तर डाव्या-उजव्यातला फरक तिच्यामुळेही दिसू शकतो. आधी डॉक्टरांना दाखवा.

लेक त्यानंतर उन्हाळाभर, ऊन चढायच्या आत, सोसायटीच्या रिकाम्या पार्किंगमध्ये घड्याळाच्या दिशेने फेऱ्या मारायची. पुढच्या हिवाळ्यात दोन्ही रेघा उजवीकडेही बऱ्याच जवळ आल्या. तुम्हीही रिंकवर वाढलेले असाल तर जानेवारीची वाट बघू नका. आजपासून उजवीकडच्या फेऱ्या सुरू करा, आणि कोच काय म्हणतो ते मला कळवा.