मस्टँग देऊन एम३४०आय घ्यावी का? आधी मागची सीट मोजा

तुमचा प्रश्न असा आहे: पुण्यात २०१७ची फोर्ड मस्टँग जीटी आहे, घरात दीड वर्षाचं मूल आणि आई-वडील आहेत. मस्टँग एक्सचेंजमध्ये देऊन वापरलेली बीएमडब्ल्यू एम३४०आय घ्यावी का, आणि काय तपासावं?

माझं मत: गाडी बदला, पण एक्सचेंजमध्ये नको. आणि एम३४०आय पक्की करायच्या आधी तिची मागची सीट तुमच्याच माणसांना बसवून बघा. बहुतेक लोक वेगाची तुलना करत बसतात, पण वेगाचा प्रश्न इथे नाहीच. मस्टँगचा पाच लिटरचा व्ही-एट साधारण ४०० हॉर्सपॉवर आणि ५१५ न्यूटन-मीटर टॉर्क देतो, पण तो पूर्ण टॉर्क (चाकं फिरवण्याचा जोर) सव्वाचार हजार आरपीएमच्या (इंजिनाचे मिनिटाला फेरे) आसपास मिळतो. एम३४०आयचं तीन लिटरचं सहा सिलिंडरचं टर्बो इंजिन ५०० न्यूटन-मीटर जेमतेम १,९०० आरपीएमपासून देतं, चारही चाकांना (ऑल-व्हील ड्राइव्ह). कंपनीचा दावा शून्य ते शंभर ४.४ सेकंदांचा आहे. खंबाटकीच्या चढावर ओव्हरटेक करताना ही गाडी मस्टँगइतकी ओरडणार नाही, पण कमी आरपीएमलाच पुढे निघेल. पावसाळ्यात ताम्हिणीच्या ओल्या वळणावर तर फरक फार मोठा आहे. जाईल तो आवाज, आणि आरपीएम चढत जाताना येणारी ती मजा. ती दुसरी कुठलीच सहा सिलिंडर टर्बो देणार नाही, हे मनाशी आधीच धरून चाला.

आता जागा. मस्टँग ४,७८४ मिलिमीटर लांब आहे, थ्री सिरीज, म्हणजे एम३४०आय ज्या मालिकेतली आहे ती, तिच्याहून सात-आठ सेंटीमीटर आखूड आहे, तरीही थ्री सिरीजचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) २,८५१ आणि मस्टँगचा २,७२०. सगळी लांबी मस्टँगने बॉनेटवर खर्च केलेली आहे. दरवाजे आखूड झाल्यामुळे सोसायटीच्या पार्किंगमध्ये शेजारच्या गाडीला न टेकवता मुलाला आत ठेवता येईल, हा रोजचा फायदा आहे. सुरक्षिततेचं अंतर त्याहून मोठं. गाड्यांची टक्कर-चाचणी घेणाऱ्या युरो एनकॅपने २०१७च्या सुरुवातीला मस्टँगला पाचपैकी दोन तारे दिले होते, मुलांच्या संरक्षणाचे गुण ३२ टक्के होते. मागच्या सीटबेल्टना प्रीटेन्शनर (धडकेत पट्टा झटकन आवळणारी यंत्रणा) नसणं हे त्यामागचं एक कारण. सुधारित गाडी नंतर तीन ताऱ्यांपर्यंत गेली. थ्री सिरीजला २०१९ साली पाच तारे आणि मुलांसाठी ८७ टक्के मिळाले. लहान मूल असेल तर माझ्यासाठी निर्णय इथेच होतो.

पण ‘चार दरवाजे म्हणजे पाच माणसं’ हा हिशोब या गाडीत चालत नाही. मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या शाफ्टमुळे तळाचा मधला बोगदा उंच आहे, मधली सीट फुगीर आणि कडक आहे. डाव्या खिडकीशी चाइल्ड सीट, उजव्या खिडकीशी आई, मध्ये बाबा, असं पुणे-कोल्हापूर करू नका. मागे एक चाइल्ड सीट आणि एक मोठा माणूस, एवढीच तिची खरी क्षमता समजा. दुसरी गोष्ट सीटच्या उंचीची: सीट खाली आहे, गुडघे दुखणाऱ्या माणसाला उतरताना आधार लागतो. म्हणून बघायला जाताना आई-वडिलांना आणि स्वतःची चाइल्ड सीट सोबत न्या. आधी पुढची डावी सीट त्यावर नेहमी बसणाऱ्या माणसाच्या सोयीने लावा, मग तिच्या मागे चाइल्ड सीट उलट्या तोंडाने आयसोफिक्सला (चाइल्ड सीट अडकवायच्या गाडीतल्या कड्यांना) अडकवा. पुढची सीट सरकवावी लागली तर तेवढीच जागा पुढच्या माणसाची कमी झाली. अडकवायचे कड्याचे बिंदू मागच्या दोन बाजूच्या सीटांना असतात, मधल्या सीटला नाहीत. डिकी उघडून स्टेपनी कुठे आहे ते बघा. स्पेस-सेव्हर (अरुंद, तात्पुरतं) चाक तळावर ठेवलेलं असेल तर डिकीचा लिटरचा आकडा कागदावरच राहतो आणि स्ट्रोलर आडवी बसत नाही.

आई-वडील खरोखर दर आठवड्याला मागे बसणार असतील, तर एक पायरी वर बघा. वापरलेली मर्सिडीज-एएमजी ई ५३ हवी तेवढी मोठी आहे, इंजिन सहा सिलिंडरचंच, पण बाहेरून आयात झालेली, म्हणून सुटे भाग आणि कर दोन्ही जड. बीवायडी सीलच्या परफॉर्मन्स प्रकारात ५३० पीएस आहेत आणि २,९२० मिलिमीटरचा व्हीलबेस. मात्र बॅटरी खाली असल्यामुळे मागे तळ उंच, गुडघे वर येतात आणि मांडीला आधार कमी मिळतो. लांबच्या प्रवासात वयस्कर माणसाला तेच जास्त त्रासाचं ठरतं. स्कोडा ऑक्टाव्हिया आरएसची ६०० लिटरची डिकी मोहात पाडते, पण २०२५ला इथे फक्त १०० गाड्या आल्या.

एम३४०आय तपासताना माझी पहिली नजर इंजिनवर नसते, टायरवर असते. पुढचे अरुंद, मागचे रुंद, त्यामुळे पुढचे मागे करता येत नाहीत. चारही टायर एकाच कंपनीचे, बीएमडब्ल्यूच्या ताऱ्याच्या खुणेचे आणि जवळपास सारख्या झिजेचे हवेत. का, ते समजून घ्या. ऑल-व्हील ड्राइव्हच्या ट्रान्सफर केसमध्ये (पुढे-मागे ताकद वाटणाऱ्या भागात) एक क्लच पुढच्या चाकांकडे ताकद पाठवतो. पुढच्या आणि मागच्या टायरच्या परिघाचं प्रमाण बिघडलं की तो क्लच सरळ रस्त्यावरही सतत घसरत राहतो, तापतो आणि झिजतो. लक्षण असं: मंद वेगात, हलक्या ॲक्सिलरेटरवर गाडीला कंप सुटतो किंवा कुणी मागून ओढल्यासारखे धक्के बसतात. गाडी रिकाम्या जागेत घ्या, स्टिअरिंग पूर्ण वळवा आणि अगदी सावकाश गोल फिरवा. अडखळत असेल तर तेल बदलून आणि ॲडाप्टेशन (क्लचचं संगणकावरचं जुळवणं) पुन्हा करून भागेल का, हे वर्कशॉपकडून लिहून घ्या. नुसतं तेल बदलून ॲडाप्टेशन न करणं ही नेहमीची चूक आहे.

रन-फ्लॅट (हवा गेल्यावरही थोडं अंतर चालणारे, कडक बाजूंचे) टायर असतील तर प्रत्येकाच्या आतल्या बाजूचा फुगवटा हाताने चाचपून बघा आणि चाकाची कड टॉर्च मारून तपासा. खड्ड्यात कडक बाजू तग धरते, पण रिम वाकतं, आणि वाकलेलं रिम आतल्या बाजूला असतं, बाहेरून दिसत नाही. महामार्गावर ८०-१२०च्या दरम्यान स्टिअरिंग थरथरलं तर कारण बहुतेक वेळा हेच.

एम३४०आयचं बी५८ इंजिन मजबूत आहे. ऑइल फिल्टर हाउसिंगच्या गॅस्केटमधून तेल झिरपतंय का, कूलंटची पातळी खाली जातेय का, एवढं लिफ्टवर घेऊन बघा. खरी भीती ट्यूनिंगची. या इंजिनातून सॉफ्टवेअरने सहज जास्त ताकद काढता येते, आणि विकण्याआधी मूळ सॉफ्टवेअर परत भरलेलं असू शकतं. अधिकृत वर्कशॉपमध्ये पूर्ण डायग्नोस्टिक रिपोर्ट काढायला सांगा. वेगवेगळ्या कंट्रोल युनिटमधलं किलोमीटरचं रीडिंग एकमेकांशी जुळतं का, तेही त्यातच दिसतं. आठ गियरच्या, झेडएफ कंपनीने बनवलेल्या गिअरबॉक्सचं तेल ‘आयुष्यभराचं’ म्हणून सांगितलं जातं, पण झेडएफ स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान किंवा आठ वर्षांनी बदलायचा सल्ला देते. गाडी त्या टप्प्याजवळ असेल तर तो खर्च किमतीतून वजा करून घ्या. दोन्ही किल्ल्या, सर्व्हिसचा इतिहास आणि उरलेली वॉरंटी हे टोकन देण्यापूर्वी, नंतर नाही.

कराची बाजू नवी आणि जुनी यात वेगळी आहे. एम३४०आय चेन्नईला जोडली जाते, त्यामुळे महाराष्ट्रात खासगी नावावर नवी घेतली तर २० लाखांवरच्या पेट्रोल गाडीचा १३ टक्के कर लागतो. संपूर्ण आयात गाडीला किंवा कंपनीच्या नावावर घेतलेल्या गाडीला २० टक्के. ७५ लाख किंमत धरली तर फरक सव्वापाच लाखांचा. दिल्ली-बंगळूरची स्वस्त वाटणारी गाडी पुण्यात आणलीत, तर मूळ आरटीओची एनओसी (ना-हरकत पत्र) आणि गाडीच्या वयानुसार इथला कर भरणं आलं. मूळ राज्यातला परतावा मागून मिळवावा लागतो. तो मिळेपर्यंतचा पैसा अडकतो, म्हणून मी महाराष्ट्रातलीच गाडी शोधेन.

आता मस्टँग. फोर्डने २०२१ साली भारतात गाड्या बनवणं थांबवत असल्याचं जाहीर केलं, म्हणून दुसऱ्या ब्रँडचं शोरूम एक्सचेंजला भीतीची किंमत लावतं. गाडी एक्सचेंजला दिली तरी नव्या गाडीवरचा जीएसटी पूर्ण किमतीवरच लागतो. व्ही-एट हवा असणारा ग्राहक संख्येने थोडा, पण तो शोधत असतो आणि गाडी ओळखतो. त्याला मूळ एक्झॉस्ट हवं असतं. बदललेलं असेल तर विक्रीआधी मूळ परत बसवा, गाडीत फेरबदल करायला मनाई करणाऱ्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२मुळे नव्या मालकालाही अडचण होऊ शकते. २०१७ची गाडी म्हणजे १ एप्रिल २०१९च्या आधीची, तेव्हा उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसवलेली हवी, नाहीतर आरटीओत हस्तांतर अडतं.

कर्ज असेल तर आधी बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ने हायपोथिकेशन (आरसीवरची कर्जाची नोंद) काढा. मालकी बदलण्याच्या फॉर्म २९च्या दोन प्रती आणि फॉर्म ३०वर सह्या घ्या, पण कोऱ्या फॉर्मवर सही करून कुणालाही गाडी देऊ नका. आरसीवर तुमचं नाव असेपर्यंत अपघाताची जबाबदारी तुमच्यावर येऊ शकते, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली हे स्पष्ट केलं आहे. दलालाला गाडी दिलीत तर तो आरटीओचा अधिकृत डीलर आहे ना ते बघा आणि गाडी डीलरच्या ताब्यात दिल्याची नोंद करणारा फॉर्म २९सी ऑनलाइन भरून घ्या. १ एप्रिल २०२३पासून त्या नोंदीनंतर गाडी विकली जाईपर्यंतची जबाबदारी डीलरची असते. फास्टॅग बँकेकडून बंद करून घ्या, नुसता काचेवरून काढून टाकणं पुरेसं नाही.

नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल विम्यावर मिळणारी सूट) तुमचा असतो, गाडीचा नव्हे. पाच वर्षं क्लेम नसेल तर ओन डॅमेज (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या) प्रीमियमवर ५० टक्के सूट मिळते. मस्टँगची पॉलिसी संपवताना विमा कंपनीकडून बोनसचं पत्र घ्या. ते तीन वर्षं चालतं, एम३४०आयच्या पॉलिसीला लावता येतं. मात्र जुनी पॉलिसी खरेदीदाराच्या नावावर करून दिलीत आणि बोनस स्वतःकडे ठेवलात, तर उरलेल्या काळाचा फरक खरेदीदाराला भरावा लागतो. ते त्याला आधीच सांगा, नाहीतर ऐन सहीच्या दिवशी किंमत पाडण्यासाठी तोच मुद्दा पुढे येतो.