पांडाला पिल्लं होत नाहीत म्हणजे निसर्गानेच त्याला नापास केलंय का?

तुम्ही विचारलंय की पांडाला वर्षातून दोनच दिवस जमतं, नराला त्यात रस नसतो, जुळं झालं तर आई एकाला टाकून देते, मग ही जात निसर्गानेच बाद केलीय ना, माणसं उगाच पैसा का घालतायत.

मी काही पांडावाला नाही. सातारा साइडला गाई-म्हशींचं कृत्रिम रेतन करतो, पण माज (मादी नर घ्यायला तयार असते तो काळ) आणि गाभणपण हाच रोजचा धंदा असल्यामुळे पांडाबद्दल वाचायचा नाद लागला. आणि त्यातलं पहिलं म्हणजे ते 'दोनच दिवस' वाल्या गोष्टीत फार दम नाहीये. आमची गाय माजावर येते तीच मुळात १२ ते १८ तास, पांडाच्या मादीला एक ते तीन दिवस मिळतात, म्हणजे वेळ गायीपेक्षा जास्तच की! फरक एवढाच की गाय उलटली, म्हणजे गाभण राहिली नाही, तर २१ दिवसांनी परत रेतन करता येतं आणि पांडाचा चान्स हुकला की थेट पुढचा वसंत.

बदनामी झाली ती पिंजऱ्यातल्या पांडांमुळे. १९७२ ला अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन चीनला जाऊन आले आणि वॉशिंग्टनच्या झूमध्ये लिंग-लिंग ही मादी आणि शिंग-शिंग हा नर अशी जोडी आली. सगळ्या जगाचे कॅमेरे यांच्यावर, आणि नराला नीट चढताच येईना. वर्षानुवर्षं हेच चाललं. शेवटी १९८३ पासून पाच पिल्लं झाली, पण एकही काही दिवसांपलीकडे जगलं नाही. लोकांनी यावरून ठरवून टाकलं की पांडाला हे जमतच नाही. अहो पण लहानपणापासून एकटा वाढलेला नर, समोर एकच मादी, तीही माणसाने निवडलेली, आवड-निवड काही नाही, अशात कुणाला जमेल!

जंगलात चित्र एकदम वेगळं आहे. पान वेनशी नावाच्या चिनी संशोधकाने आणि त्यांच्या टीमने चिनलिंगच्या डोंगरात रेडिओ कॉलर लावून वर्षानुवर्षं पांडे पाहिले, तिथे मादी साधारण दोन वर्षांनी एक पिल्लू वाढवते, अस्वलांच्या मानाने हे ठीकठाकच आहे. वसंतात एका मादीच्या मागे चार-चार नर जमतात, मारामाऱ्या होतात, झाडांवर वास सोडलेला असतो (नर पुढच्या पायांवर उभा राहून, मागचे पाय वर खोडाला टेकवून उंचावर मुततो, हे बघायला मला फार आवडेल). आणि २०१५ मध्ये एक अभ्यास आला की पिंजऱ्यातही नर-मादीला एकमेकांची पसंती असेल तर जुगायचं आणि पिल्लं व्हायचं प्रमाण चांगलंच वाढतं. म्हणजे मधल्या काळात नराला पांडांच्या जुगण्याचे व्हिडिओ दाखवायचे वगैरे जे प्रकार झाले त्यापेक्षा मुलगी बघायचा कार्यक्रम केला असता तर बरं झालं असतं.

माज ओळखायला आमच्याकडे सोट (योनीतून येणारा चिकट स्राव) बघतात, हंबरणं ऐकतात, म्हशीचा मुका माज, म्हणजे बाहेरून लक्षणंच न दिसणारा, असला की मात्र वाट लागते. पांडाच्या बाबतीत लघवीतलं इस्ट्रोजेन हे मादीचं हार्मोन रोज मोजतात, ते वर चढून खाली पडलं की समजायचं बीज सुटलं. मग रेतन. पिंजऱ्यातलं पहिलं पिल्लू १९६३ ला बीजिंगच्या झूमध्ये नैसर्गिक संयोगातून झालं आणि रेतनातून पहिलं तिथेच १९७८ ला. २०२० मध्ये वॉशिंग्टनच्याच मेई शियांगला गोठवलेल्या वीर्यातून पिल्लू झालं, तेव्हा ती २२ वर्षांची होती.

खरी डोकेदुखी पुढे आहे. गायीला दोन-तीन महिन्यांनी हात घालून तपासलं की कळतं गाभण आहे का. पांडात ते होत नाही, कारण गर्भ तयार झाला तरी लगेच गर्भाशयाला चिकटत नाही, महिनोन् महिने नुसता तरंगत राहतो आणि मग कधीतरी चिकटतो, म्हणून कुणाचं तीन महिन्यांत होतं तर कुणाचं पाच. वर आणखी खोटं गाभणपण! गर्भ नसला तरी प्रोजेस्टेरॉन हे गाभणपणातलं हार्मोन तसंच चढतं, मादी खाणं कमी करते, सुस्तावते, घरटं करते. सोनोग्राफीत काही दिसलं तर तेही अगदी शेवटच्या काही आठवड्यांत. हे वाचल्यापासून मी गाभण तपासताना कुरकुर करत नाही.

आणि जन्मलेलं पिल्लू साधारण १०० ग्रॅमचं, आईच्या नऊशेव्या हिश्शाएवढं, गुलाबी, आंधळं. जुळं निम्म्या वेळा तरी होतं, आई एकच सांभाळते हे तुमचं बरोबर आहे, पण ते दुष्टपणा म्हणून नाही, हातात एक धरून दुसऱ्याला दूध पाजणं तिला झेपतच नाही. चीनमधल्या चेंगडूच्या पांडा केंद्रवाल्यांनी यावर भारी आयडिया काढली, एक इन्क्युबेटरमध्ये आणि एक आईजवळ ठेवायचं आणि सारखी अदलाबदल करत राहायची. आईला पत्ताच नसतो की दोन आहेत.

पैशाचं म्हणाल तर पिल्लं काढणं हा आता प्रश्नच राहिलेला नाही. २०१४ ला संपलेल्या मोजणीत जंगलात १,८६४ पांडे निघाले, पण ते ३३ तुकड्यांत विभागलेले, मध्ये रस्ते, शेती, धरणं. एखाद्या तुकड्यात मोजकेच उरले तर ते बिचारे जोडीदार आणणार कुठून? पैसा तिकडे, जंगलं जोडायला गेला तर माझी काहीच हरकत नाही.

जाता जाता, लिंग-लिंगची जी पिल्लं मेली होती ती जपून ठेवलेली, आणि तीसेक वर्षांनी अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी त्यांच्या हाडांचं स्कॅन केलं. बाकी अस्वलांची पिल्लंही आकाराने लहानच जन्मतात पण त्यांची हाडं तयार असतात, पांडाची मात्र बीगल कुत्रीने काही आठवडे आधीच विऊन टाकावं तशी कच्ची निघाली.